करुणा आणि शोक : नव्या शिक्षकाच्या मनावरील भार

सोलापुरातील सात रस्ता परिसरात दर आठवड्यास आमचा पाली अभ्यासवर्ग भरतो. गेल्या काही वर्षांत या वर्गास येणाऱ्यांमध्ये नुकत्याच सेवेत रुजू झालेल्या शिक्षक-शिक्षिकांची संख्या वाढली आहे. विभक्ती आणि धातुरूपे संपतात न संपतात तोच त्यांच्याकडून एक प्रश्न पुढे येतो. त्या प्रश्नाचा पाली व्याकरणाशी संबंध नसतो. पण पाली वाङ्मयाशी मात्र फार जवळचा संबंध असतो. प्रश्न असा : वर्गातील एखाद्या मुलाच्या घरचे दुःख कळल्यानंतर ते डोक्यातून जात नाही, रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकणे जड जाते, अशा वेळी शिक्षकाने काय करावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही दोन अंगांनी करणार आहोत. एक म्हणजे हा भार नेमका कशाचा आहे, आणि दुसरे म्हणजे बौद्ध वाङ्मयात शिक्षक, शिष्य, करुणा आणि शोक यांविषयी जे विवेचन आले आहे, त्यातून आजच्या शिक्षकास काही आधार मिळतो काय.

प्रश्नाचे स्वरूप

वडिलांवर निबंध लिहावयास सांगितल्यावर कोरे पान देणारा मुलगा, शिक्षिकेने फळा पुसण्यासाठी हात उचलताच डोके झाकून घेणारे लेकरू, सहावीपर्यंत पुढच्या बाकावर बसणारी आणि सातवीत अचानक अबोल झालेली मुलगी, हे दृश्य कोणत्याही अनुभवी शिक्षकास अपरिचित नाही. अनुभवी शिक्षकाने कालांतराने त्यावर स्वतःचा असा काही उपाय शोधलेला असतो. नव्या शिक्षकापाशी तो नसतो. अध्यापक विद्यालयात त्याने पाठटाचण काढणे, फलकलेखन करणे, मूल्यमापन करणे यांचे शिक्षण घेतलेले असते. मुलाने आपले दुःख सांगितले तर ते कसे ऐकावे, आणि ऐकल्यानंतर स्वतःस कसे सावरावे, याचा सराव त्यास क्वचितच मिळालेला असतो.

दुसऱ्याचे आघात सतत ऐकणाऱ्याच्या मनावर त्या आघातांचे ओरखडे उठतात, हे मानसशास्त्राने गेल्या काही दशकांत मान्य केले आहे. १९९० मध्ये मॅककॅन आणि पर्लमन या अमेरिकन अभ्यासकांनी पीडितांवर उपचार करणाऱ्या व्यक्तींच्या संदर्भात ही गोष्ट मांडली. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी ‘कम्पॅशन फटीग’, म्हणजे करुणेचा थकवा, ही संज्ञा रूढ केली. प्रारंभी हा विचार समुपदेशक, परिचारिका, आपत्तीत मदत करणारे कार्यकर्ते यांच्यापुरता होता. पुढे तो शिक्षकांनाही लागू करण्यात आला. याची लक्षणे सर्वसाधारणपणे अशी आढळतात : झोप उडणे, मुलाने सांगितलेला प्रसंग वारंवार डोळ्यांसमोर येणे, लहानसहान गोष्टींवरून संताप येणे, मन बधिर होणे, आणि आपण या कामास लायकच नाही असे वाटू लागणे.

यातील शेवटचे लक्षण विशेष घातक आहे. कारण ज्याचे मन अधिक कोवळे, तोच स्वतःस नालायक ठरवून शाळा सोडण्याचा विचार करू लागतो. जो पहिल्यापासूनच उदासीन असतो त्यास हा त्रास होत नाही, आणि तो राहतो. यात नुकसान होते ते मुलांचे.

सोलापूरच्या मुलांची दुःखे

मुलांची दुःखे आकाशातून पडत नाहीत. त्यांना भूमी असते आणि इतिहासही असतो. सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विड्यांचे शहर. येथील जुन्या मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो घरांतील नियमित पगार थांबला. पूर्व भागातील असंख्य घरे आजही आईने वळलेल्या विड्यांवर आणि वडिलांच्या यंत्रमागावर चालतात. ज्या घरी रोजची मजुरी रोज मोजली जाते, तेथे एक आजारपण, एक अपघात किंवा एक व्यसन मुलाची शाळा मोडण्यास पुरेसे होते. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात, किंवा मागे आजीजवळ राहतात. दोन्ही प्रकारांत त्यांच्या मनावर काही ना काही कोरले जातेच.

याच शहरात ‘सेटलमेंट’ या नावाची वस्ती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांतील कुटुंबांना येथे तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना या कायद्याच्या बंधनातून मुक्त करण्यात आले. कुंपण गेले, पण वर्गात काही हरवले की प्रथम कोणाच्या दप्तराकडे नजर जाते, या प्रश्नाचे उत्तर अद्याप पुरते बदललेले नाही. अशा मुलाचे दुःख ऐकणारा शिक्षक हा केवळ एका घराची गोष्ट ऐकत नसतो. शंभर वर्षांची गोष्ट ऐकत असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगामातीच्या घरांखाली गाडली गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्यात केली. ही मुले ज्यांच्या वर्गात बसली, त्या शिक्षकांपुढे धडा कोणता शिकवावा हा प्रश्न दुय्यम होता. दार आपटल्याच्या आवाजाने जे मूल उठून धावते, त्याच्यासमोर शांत उभे कसे राहावे, हा पहिला प्रश्न होता. त्यानंतर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने पुन्हा अनेक मुलांचे आईवडील हिरावून नेले. या वेळी दुःख एका परिसरापुरते नव्हते; ते जवळजवळ प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर होते.

करुणेचे यश आणि करुणेचे अपयश

आता पाली वाङ्मयाकडे वळू. आचार्य बुद्धघोष यांनी पाचव्या शतकात रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांचे सविस्तर विवेचन आहे. या ग्रंथाची देवनागरीतील चिकित्सक आवृत्ती आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी सिद्ध केली, ही मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट होय.

बुद्धघोषांच्या मते दुसऱ्याचे दुःख पाहून सज्जनांच्या हृदयास जो कंप सुटतो, ती करुणा. दुसऱ्याचे दुःख सहन न होणे हे तिचे कार्य, आणि ते दूर व्हावे या दिशेने प्रवृत्त होणे हा तिचा स्वभाव. येथपर्यंत कोणासही नवे वाटणार नाही. पण बुद्धघोष पुढे जे सांगतात ते आजच्या शिक्षकाने लक्षपूर्वक वाचावे. मनातील हिंसेची वृत्ती शमली म्हणजे करुणा सफल झाली; आणि तिच्यातून शोक उत्पन्न झाला म्हणजे ती विफल झाली, असे ते म्हणतात.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शोक म्हणजे करुणेची पराकाष्ठा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. जो शिक्षक मुलासाठी जास्त रडतो तो जास्त करुणावान, असे आपण मानतो आणि तो शिक्षकही तसेच मानतो. म्हणून झोप लागली तर त्यास अपराधी वाटते. रविवारी मित्रांबरोबर हसला तर मुलाशी प्रतारणा केल्यासारखे वाटते. बुद्धघोष मात्र शोकास करुणेचा ‘आसन्न शत्रू’, म्हणजे जवळचा शत्रू म्हणतात. दूरचा शत्रू ओळखता येतो, कारण तो उघड विरोधी असतो. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू. जवळचा शत्रू मित्राचे रूप घेऊन येतो. दौर्मनस्य करुणेसारखे दिसते, करुणेच्या शेजारी राहते, आणि हळूहळू तिची जागा घेते.

फरक कोठे आहे? करुणेचे तोंड मुलाकडे असते, शोकाचे तोंड स्वतःकडे असते. करुणा विचारते, या मुलास आता कशाची गरज आहे? शोक विचारतो, हे मला कसे सहन होईल? दोन्ही प्रश्न माणसास पडतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण दुसऱ्या प्रश्नाने पहिला प्रश्न झाकला गेला, की मूल एकटे पडते.

आधुनिक संशोधनातही याला दुजोरा देणारी गोष्ट आढळली आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी केलेल्या, २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुसऱ्याच्या वेदनेशी केवळ समरस होण्याचा सराव केलेल्या व्यक्तींच्या मनात त्रासदायक भावना वाढल्याचे दिसून आले. त्याच व्यक्तींना पुढे मैत्री-करुणेच्या भावनेचा सराव दिल्यावर त्रास कमी झाला आणि मदतीस अनुकूल अशा प्रसन्न भावना वाढल्या. मेंदूतील सक्रिय होणारे भागही दोन्ही वेळी वेगवेगळे होते. म्हणून ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा पुरेशी अचूक नाही, असे काही अभ्यासक म्हणू लागले आहेत. थकविते ती करुणा नव्हे, तिच्या शेजारचा शोक थकवितो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पाली ग्रंथातील सूक्ष्म भेद येथे प्रयोगशाळेत समोर आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तीन आडवाटा

या विवेचनाच्या प्रकाशात नव्या शिक्षकाच्या तीन आडवाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट बुडण्याची. मुलाचे दुःख आपले म्हणून अंगावर घ्यायचे, त्याच्या घरी रोज जायचे, पगारातून त्याची फी भरायची, रात्री अकरा वाजता त्याच्या आईचा फोन घ्यायचा. काही महिने हे चालते. मग शिक्षक आजारी पडतो किंवा बदली मागतो. ज्या मुलास आधीच एका मोठ्या माणसाने सोडलेले असते, त्यास आणखी एक मोठा माणूस सोडून जातो.

दुसरी वाट संतापाची. असह्य झालेले दुःख रागाच्या रूपाने बाहेर पडते. घरी मार खाणाऱ्या मुलाची कीव करणारी शिक्षिकाच एके दिवशी त्यास छडी मारते आणि मग स्वतःच रडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे, हे तिला ठाऊक असते. पण कायदा माहीत असणे आणि मन आवरणे या भिन्न गोष्टी आहेत. येथे करुणेचा जवळचा शत्रू तिला दूरच्या शत्रूच्या हाती सोपवितो.

तिसरी वाट बधिरतेची. ‘अशी मुले असायचीच’, ‘आपण शिकवायचे आणि निघायचे’, ही भाषा शिक्षककक्षात लवकरच कानांवर येते. ही वृत्ती स्वतःस उपेक्षा, म्हणजे समत्व, समजते. पण बुद्धघोषांनी अज्ञानातून आलेल्या बेपर्वाईस उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हटले आहे.

याच ठिकाणी आपल्यासारख्या वाचकांनी एक इशारा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. विसुद्धिमग्गात उपेक्षेच्या भावनेसाठी, प्रत्येक प्राणी आपापल्या कर्माचा स्वामी आहे, असे चिंतन सांगितले आहे. या चिंतनाचा अर्थ ‘या मुलाचे पूर्वजन्मीचे कर्मच तसे’ असा कोणी लावला, तर तो धम्माचा अर्थ राहत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचे कठोर परीक्षण केले आहे. गरीब आणि दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेने आणि समाजाने झटकावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग होतो, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. शिक्षकाची उपेक्षा म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे शांतपणे पाहणे, आणि हातात आहे ते न चुकता करणे, ही खरी उपेक्षा होय.

बांबूवरील गुरुशिष्य

संयुत्तनिकायातील सतिपट्ठान संयुत्तात ‘सेदक’ नावाचे एक छोटे सुत्त आहे. आपल्याकडील डोंबाऱ्याच्या खेळासारखा तो प्रसंग आहे. बांबूवर कसरत करणारा एक गुरू आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्यास खांद्यावर चढवितो आणि म्हणतो, तू माझे रक्षण कर, मी तुझे रक्षण करतो. असे केले म्हणजे आपण खेळ दाखवू, चार पैसे मिळवू आणि सुखरूप खाली उतरू. शिष्य उत्तर देतो की, असे चालणार नाही. तुम्ही स्वतःस सांभाळा, मी स्वतःस सांभाळतो, तरच दोघे सुखरूप उतरू. तथागत म्हणतात की शिष्याचे म्हणणे युक्त आहे.

पण तथागत तेथेच थांबत नाहीत. स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचेही रक्षण करतो, आणि दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचेही रक्षण करतो, असे ते सांगतात. स्मृतीच्या सततच्या अभ्यासाने स्वतःस सांभाळले म्हणजे दुसरा सुरक्षित राहतो. आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी दुसऱ्यास सांभाळले म्हणजे आपण सुरक्षित राहतो.

हे उदाहरण शिक्षकासाठीच सांगितले आहे असे वाटावे, इतके ते नेमके आहे. खाली उभ्या असलेल्या माणसाचा तोल गेला तर वर उभे असलेले लेकरू पडते. म्हणून आपला तोल राखणे हा शिक्षकाचा स्वार्थ नव्हे. ते त्याच्या कामाचेच अंग आहे. मैत्रीच्या भावनेचा प्रारंभ स्वतःपासून करावा, असे विसुद्धिमग्गात सांगितले आहे, त्याचेही कारण हेच. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, सुटीच्या दिवशी शाळेचा विषय बाजूस ठेवणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण बांबू त्यांवरच उभा असतो.

निस्सय : नव्यास आधार देण्याची व्यवस्था

येथपर्यंतचे विवेचन शिक्षकाच्या मनापुरते झाले. पण सर्व भार त्याच्याच मनावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे होईल. या बाबतीत विनयपिटक फार व्यवहारी आहे.

महावग्गात उपसेन वंगन्तपुत्त यांची कथा आली आहे. एकच वर्षावास पूर्ण झालेला असताना त्यांनी एका शिष्यास उपसंपदा दिली. पुढील वर्षी दोन वर्षांचे उपसेन एक वर्षाच्या शिष्यासह तथागतांच्या भेटीस गेले. ज्यास स्वतःसच दुसऱ्याच्या मार्गदर्शनाची गरज आहे, त्याने दुसऱ्यास मार्गदर्शन करण्याची घाई का करावी, असे म्हणून तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली. त्यानंतर दहा वर्षावास पूर्ण केलेल्या समर्थ भिक्खूनेच उपसंपदा द्यावी, असा नियम झाला. नवख्या भिक्खूने किमान पाच वर्षे आचार्याच्या ‘निस्सया’त, म्हणजे आश्रयात, राहावे असेही ठरले. या काळात आचार्याने शिष्यास पुत्राप्रमाणे आणि शिष्याने आचार्यास पित्याप्रमाणे मानावे, शिष्य आजारी पडला तर आचार्याने त्याची शुश्रूषा करावी, त्याच्या मनात उद्वेग उत्पन्न झाला तर तो दूर करावा.

आता आपल्या शाळांकडे पाहा. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो. २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये झाले. त्यापूर्वी ते याहून पुष्कळ कमी होते. तीन वर्षांची ही मुदत निस्सयासारखी दिसते खरी. परंतु निस्सयात जो आश्रय असतो, तो येथे कोठे आहे? उलट पुष्कळदा सर्वांत नव्या शिक्षकाच्या वाट्यास सर्वांत अवघड तुकडी येते, आणि ‘मला हे झेपत नाही’ असे म्हटले तर नोकरी कायम होण्यावर परिणाम होईल या भीतीने तो गप्प राहतो. ज्येष्ठ शिक्षक आणि मुख्याध्यापक यांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास नव्या शिक्षकाबरोबर बसावे आणि अभ्यासक्रम किती झाला हे न विचारता ‘तुम्ही कसे आहात, सर? बाई, कोणत्या मुलाची काळजी वाटते?’ एवढेच विचारावे. यास शासननिर्णय लागत नाही.

संस्थात्मक आधाराचे महत्त्व बाबासाहेबांनी किती लवकर ओळखले होते, याचे उदाहरण याच शहरात आहे. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेत तहान लागली असता शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे, हा अनुभव ज्यांनी बालपणी घेतला होता, त्यांनी कोणा एखाद्या दयाळू शिक्षकावर विसंबून न राहता छप्पर, अन्न आणि सोबत यांची व्यवस्था उभी केली. दया व्यक्तीबरोबर बदलून जाते, व्यवस्था टिकते.

स्वतःची जखम असलेला शिक्षक

आमच्या वर्गास येणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकजण घरातील पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचे पदवीधर आहेत. त्यांचा त्रास दुहेरी असतो. विद्यार्थ्याने जातीवरून झालेला अपमान सांगितला की त्यांना केवळ विद्यार्थ्याचे दुःख ऐकू येत नाही, स्वतःचा तिसरी-चौथीचा वर्ग आठवतो. विडी वळणाऱ्या आईची लाज वाटते असे एखादी मुलगी सांगते, तेव्हा शिक्षिकेस स्वतःची आई आठवते. अशा वेळी आपण या कामास दुबळे आहोत असे कोणी समजू नये.

थेरीगाथेतील पटाचारा थेरींची कथा सर्वश्रुत आहे. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावून वेडीपिशी झालेली ही स्त्री पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुनींत अग्रगण्य ठरली. थेरीगाथेत पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या अनेक स्त्रिया तिच्याकडे येतात आणि तिच्या उपदेशाने सावरतात. तिचा शोक तिच्या अध्यापनाच्या आड आला नाही. कारण तिने तो आधी पाहिला होता, समजून घेतला होता. न पाहिलेली जखम शिक्षकास विद्यार्थ्याच्या दुःखात ओढून नेते, पाहिलेली जखम त्यास विद्यार्थ्याशेजारी बसू देते.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतील आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. या घटनेकडे शिक्षकाच्या बाजूने पाहण्यासारखे आहे. विद्यार्थिनीच्या मनात भयंकर वेदना होती. त्या शाळेने ती वेदना दाबली नाही आणि तिच्यावर नुसते अश्रूही ढाळले नाहीत. शाळेने तिला अक्षरे दिली, आणि दुःख जगापुढे मांडण्याचे काम तिचे तिने केले. विद्यार्थ्याचे दुःख विद्यार्थ्याचेच राहू देणे, आणि ते मांडण्याचे सामर्थ्य त्यास देणे, हे शिक्षकाचे खास कार्य आहे. समुपदेशक, पोलीस किंवा नातलग हे काम करू शकत नाहीत.

व्यवहारात काय करावे

‘मिलिंदपञ्हा’त शिष्याविषयी आचार्याने पाळावयाच्या पंचवीस गोष्टी सांगितल्या आहेत. शिष्यास अन्न मिळाले की नाही, तो कोणाच्या संगतीत असतो, हे आचार्याने जाणावे; भिऊ नकोस, तुला येईल, असा धीर द्यावा; संकटात त्यास टाकू नये; इत्यादी. ही यादी पाहता लक्षात येते की यांपैकी बहुतेक गोष्टी लहान, रोजच्या आणि करता येण्याजोग्या आहेत. आजच्या संदर्भात तशाच काही गोष्टी आम्ही सुचवितो.

प्रथम, मूल बोलू लागले तर ऐकावे, पण खोदून विचारू नये. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझा दोष नाही’, एवढे वाक्य पुरे असते. दुसरे, ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांस कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळविणे हा गुन्हा आहे. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन’, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे आणि कायद्यास धरून आहे. या बंधनामुळे शिक्षकाच्या मनावरील भारही हलका होतो, कारण गुपित एकट्याने वाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

तिसरे, कोणता दरवाजा कोठे आहे हे आधीच माहीत करून घ्यावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. शिक्षकास स्वतःस बोलण्याची गरज वाटल्यास १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तो क्रमांक फिरविण्यात कमीपणा नाही.

चौथे, जे केले ते वहीत दोन ओळींत नोंदवावे आणि वही मिटावी. मन रात्री पुन्हा पुन्हा विचारते, ‘तू काय केलेस?’ वही त्यास उत्तर देते. पाचवे, विश्वासातील एका सहकाऱ्याशी आठवड्यातून एकदा तरी, मुलाचे नाव न घेता, बोलावे. आमच्या उपासक-उपासिकांनीही विहारात अशा शिक्षकांसाठी एक जागा राखावी. मोठे व्याख्यान नको. चहा, दोन माणसे आणि ऐकणारे कान पुरेत.

सिगालोवाद सुत्तात आचार्याच्या पाच कर्तव्यांपैकी शेवटचे कर्तव्य शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे सांगितले आहे. सर्व दिशा एकट्या माणसास राखता येत नाहीत. एका दिशेस शिक्षक उभा राहील. उरलेल्या दिशांना मुख्याध्यापक, पालक, बाल कल्याण समिती, शासन आणि आपण सर्व समाज यांनी उभे राहिले पाहिजे. नव्या शिक्षकास आपण एवढे जरी पटवून देऊ शकलो, की त्याने फक्त आपली दिशा राखावयाची आहे आणि बाकीच्या दिशा मोकळ्या नाहीत, तर त्यास रात्री झोप लागेल आणि सकाळी तो वर्गात येईल. आधीच पुष्कळ काही गमावलेल्या मुलासाठी, काल होते तेच सर आणि त्याच बाई आजही वर्गात असणे, ही फार मोठी गोष्ट असते.